वन्संच्या गाडीची पुढची चाकं

चार चादरींपैकी दोन पिळून दोरीवर टाकल्या होत्या, तिसरी हातात होती, आणि फोन वाजला. ओल्या हातानेच उचलला तर पलीकडे वन्सं. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही.

"वहिनी, तुझं वजन किती?"

"का बरं?"

"का ते नंतर. आकडा सांग."

फोनवर असा प्रश्न आला की बाईमाणूस खरं थोडंच सांगतं. मी म्हटलं, "चौसष्ट असेल."

वन्संनी लगेच ओळखलं. एकतीस वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई ती. म्हणाल्या, "म्हणजे अडुसष्ट. माझ्याइतकीच आहेस, छान झालं. ये इकडे. दोन-तीन तास नुसतं बसायचंय. आणि तुझी ती वही घेऊन ये."

रोज रात्री दोन ओळी लिहायची माझी वही आहे, ती त्यांना माहीत. दोन चादरी बादलीत तशाच ठेवून मी निघाले. सोमवार होता. गुरुवारी वन्संच्या गाडीची तपासणी होती, आणि त्या तपासणीवर काय काय टांगलेलं होतं ते घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आता एकसष्ट चालू आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्या बाजारातल्या एका शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायला लागल्या आणि एकतीस वर्षं त्याच टेबलाशी उभ्या राहिल्या. दुकान शाळांचे गणवेश शिवायचं. तोंडात टाचण्या धरायची सवय, म्हणून बोलणं कमी, आणि बोलल्या की टोचतं, असं हे म्हणतात. गणवेश बेतताना वन्सं शिवणीत आणि खालच्या दुमडीत भरपूर माया ठेवायच्या, म्हणजे आत दुमडून राखलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की आईने दुमड उसवायची, की तोच सदरा आणखी दोन वर्षं चालला. "कापड धुतल्यावर आटतं आणि पोर जेवल्यावर वाढतं," असं त्या सांगायच्या. कितीतरी आयांनी त्यांना त्यासाठी दुवा दिला असेल.

पुढे ती सवय टेबलावरून घरभर पसरली. त्यांचे पडदे जमिनीवर वीतभर लोळतात. साडेनऊची बस असली तर त्या नऊला थांब्यावर. एकट्या राहतात आणि दोघांचं शिजवतात, कोणी आलं तर असावं म्हणून. बहुतेक वेळा कोणी येत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या तेच गरम करून खातात.

त्यांचं घर चढाच्या रस्त्याला सगळ्यात शेवटी आहे. तिथवर बस जात नाही. खाली बाजार तीन किलोमीटर. त्यांचे यजमान औषधांच्या दुकानात होते. गाडी त्यांनी घेतली, धुतली, पुसली, मिरवली, पण तिचं बॉनेट कधी उघडलं नाही. आठ वर्षांपूर्वी ते गेले. गाडी सहा महिने कापडाखाली झाकून उभी होती. मग एक दिवस वन्संनी ते कापड काढून धुतलं, त्याच्या चार पिशव्या शिवल्या, आणि त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकायला गेल्या. तेव्हापासून त्यांचं सगळं त्या गाडीवर: बाजार, डॉक्टर, आठवड्यातून दोनदा दवाखान्यातल्या फाटक्या चादरींची गाठोडी घरी आणायची आणि शिवून परत द्यायची.

दोन महिन्यांपूर्वी बाजाराच्या वळणावर कोणीतरी पाइपासाठी खणलेला चर उघडा टाकला होता. गाडीचं पुढचं डावं चाक त्यात आपटलं. वन्संना काही झालं नाही, पण त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढू लागली. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरायचं. खड्डा आला की खालून खडखड, जशी डब्यात चमच्यांची होते. आणि डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली.

गॅरेजवाल्याने गाडीखाली एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, पुढचा सगळा भाग गेलाय. हिच्यात आता जीव ओतू नका. भंगारात द्या."

"सगळा म्हणजे काय काय?"

"सगळा म्हणजे सगळा."

"सदरा फाटला तर आम्ही सगळा फाटला म्हणत नाही. कुठली शिवण गेली ते सांगतो," वन्सं म्हणाल्या आणि तशीच डावीकडे ओढणारी गाडी घरी घेऊन आल्या.

ही बातमी भाच्यापर्यंत, म्हणजे वन्संच्या मुलापर्यंत, पोचली. तो चार तासांवरच्या मोठ्या शहरात असतो. गुणी आहे, आईची काळजी करतो. फक्त काळजी करायची त्याची पद्धत म्हणजे समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायची. त्याने फोनवर सांगून टाकलं, "आई, गाडीची तपासणी या महिन्यात आहेच. पास झाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नापास झाली तर किल्ली माझ्याकडे आणि तू आमच्याकडे. खोली तयार आहे."

वन्सं ती खोली बघून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "खोली छान आहे. खिडकी आहे, पंखा आहे. माझं मशीन कुठे ठेवायचं विचारलं, तर सूनबाई म्हणाली, आता कशाला शिवताय, आराम करा. बरोबरच आहे तिचं. मी तपासणीची तारीख एकदा पुढे ढकलून घेतली. दुसऱ्यांदा ढकलता येत नाही."

मग त्यांनी वाचनालयातून त्या गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक आणलं. जुनं, पानापानाला तेलाचे अंगठे उमटलेलं. त्यात दिल्याप्रमाणे चाक जॅकवर उचललं आणि वर-खाली धरून हलवून पाहिलं, मग दोन्ही बाजूंना धरून हलवून पाहिलं. दोन्ही वेळा चाक सैल बाहीसारखं हाललं. तेव्हा कळलं, की सगळा भाग वगैरे काही गेलेला नाही. चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा, ज्याला लोअर आर्म म्हणतात, तो वाकलाय. त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, ढिला झालाय. दुसऱ्या टोकाचं रबरी बुश फाटलंय. आणि स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचं टोक गेलंय. "चार शिवणी," वन्सं म्हणाल्या.

सुट्या भागांच्या दुकानात त्यांनी यादी पुढे केली तर दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री कोण आहे? त्यांना पाठवा, काकू. यात डावं-उजवं असतं."

"बाहीतही असतं," वन्सं म्हणाल्या. "मिस्त्री समोर उभाय. डावं दे."

शनिवार-रविवार त्यांनी जुने भाग काढले आणि नवे बसवले. गाडी जॅकवर ठेवून कोणी खाली शिरत नाही, हे पुस्तकात लिहिलेलं. वन्संनी लोखंडी स्टँड लावले, शिवाय काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं, स्टँड घसरलेच तर असावं म्हणून. टाय रॉडचं जुनं टोक काढताना शिंप्याच्या खडूने खूण केली आणि फेरे मोजले, साडेचौदा, म्हणजे नवं टोकही तेवढेच फेरे बसवता येईल. बॉल जॉइंट मात्र निघता निघेना. तो रविवारी दुपारभर हातोड्याचे घाव खाऊन संध्याकाळी पाचला सुटला. हे सगळं मला त्यांच्या हातांकडे पाहून आणि विचारून विचारून कळलं. आपणहून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जरा हट्टी निघाला."

मी पोचले तेव्हा पुढची दोन्ही चाकं जाड फळ्यांच्या थरांवर चढवलेली होती आणि मागच्या चाकांना विटा लावलेल्या. वन्संनी मला स्टिअरिंगसमोर बसवलं. मागच्या सीटवर दवाखान्याचं गाठोडं ठेवलं, नेहमी असतं तसं. मग स्वतः गाडीखाली गेल्या. मी सकाळी देवापुढे एवढंच म्हटलं होतं, की गाडी त्यांच्या अंगावर येऊ नये. पास-नापासचं काही मागितलं नव्हतं. ते मागणं मला प्रशस्त वाटेना, कारण भाच्याची काळजीही खोटी नव्हती.

"मी इथे बसून करायचं काय?" मी विचारलं.

"वजन. तेवढंच." आवाज पायाखालून आला. "झग्याचा घेर सरळ करायचा तर बाईने तो घालून उभं राहायला हवं. टेबलावर पसरून खूण केली तर अंगावर वाकडा दिसतो. दांड्याच्या या रबरी बुशचंही तसंच आहे. गाडी हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर खाली आल्यावर रबराला पीळ बसतो, आणि सहा महिन्यांत फाटतं. मी खाली असणार, मग माझ्याइतकं कोणीतरी वर हवं ना."

"हे पुस्तकात आहे?"

"एका ओळीत. लोक ती ओळ वाचत नसणार."

मी नामस्मरण सुरू केलं. खालून लगेच आवाज आला, "वहिनी, हलू नकोस."

"ओठ हललेत फक्त."

"ओठ चालतील. कंबर नको."

तासाभराने बोल्ट आवळून झाले. मग गाडी सपाट जमिनीवर आणली, मला पुन्हा आत बसवलं, आणि खरं किचकट काम सुरू झालं, ते चाकं सरळ करायचं. बाहेर यासाठी यंत्र असतं. वन्संकडे होत्या दोन पडद्यांच्या लांब दांड्या, चार स्टुलं, जाड पांढरा दोरा आणि दुकानातून निरोपाला मिळालेली पोलादी पट्टी. एक दांडी गाडीच्या पुढे स्टुलांवर आडवी ठेवली, एक मागे. दोन्हींवर सारख्याच अंतरावर खाचा. त्या खाचांतून गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरे ताणले, चाकांच्या मध्याच्या उंचीवर. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक न अडता वळेल. यजमानांच्या जुन्या कमरपट्ट्याने स्टिअरिंग सरळ बांधून टाकलं.

मग प्रत्येक चाकाच्या लोखंडी कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं, एकदा पुढच्या कडेला, एकदा मागच्या. दोन्ही सारखी आली तर चाक अगदी सरळ. पुढचं अंतर जरासं जास्त आलं तर चाक पुढच्या टोकाशी किंचित आत वळलेलं. ते किंचित किती, ते पुस्तकात दिलेलं असतं.

"लिही," वन्सं बाहेरून म्हणाल्या. "पुस्तकात, दर चाकाला फरक एक मिलिमीटर."

मी लिहिलं. त्यांनी टाय रॉड फिरवला, मोजलं, पुन्हा फिरवला. अखेरीस म्हणाल्या, "डावं, पुढे साडेचौसष्ट, मागे बासष्ट. उजवं, पुढे साडेचौसष्ट, मागे बासष्ट." मी तेही लिहिलं. वजाबाकी काही केली नाही. मला वजन म्हणून बोलावलं होतं, हिशेबनीस म्हणून नव्हे, असं तेव्हा मला वाटलं.

तेवढ्यात हे आले, ग्रीसचा आणखी एक डबा घेऊन. दोरे, दांड्या, स्टुलं आणि गाडीत पुतळ्यासारखी मी, हे सगळं बघून म्हणाले, "ताई, गाडी आहे ही. बेतायला झगा नव्हे."

"धाकट्या, तुझ्या पहिल्या नोकरीची पँट कोणी बेतली होती?"

"तू."

"मग?"

"कमरेत दोन इंच ढगळ होती. पट्ट्याने आवळून घालत होतो."

"पुढच्या वर्षी बसली ना बरोबर? मग."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू काय, अर्ध्या चादरी बादलीत टाकून आलीस?"

"तुम्हाला दिसल्या ना? मग टाकायच्या होत्या दोरीवर."

वन्सं खाली वाकून नट आवळत होत्या, पण खांदे हलताना दिसले.

बुधवारी सकाळी चाचणीला आम्ही तिघं निघालो. हायवेने लांबवर जाऊन परत, दीडशे किलोमीटर. झिजलेल्या टायरऐवजी मागे नवा लावून मागचे दोन चांगले पुढे घेतले होते. खडखड थांबली होती. एका मोकळ्या पट्ट्यावर वन्संनी स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली आणि गाडी रेघेवर चालावी तशी सरळ गेली. हे मागून म्हणाले, "ताई, तुझं दुकान चुकलं. गॅरेज टाकायला हवं होतंस." घाटातल्या वळणावर वन्सं गुणगुणत होत्या, आणि मी त्यांना गेल्या आठ वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर आम्ही पाणी पीत होतो. वन्सं गाडीशी गेल्या आणि सवयीने टायरवरून तळहात फिरवला. कापड दिसलं की हात फिरवून बघायचं, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. हात एकदा बाहेरून आत गेला. मग आतून बाहेर. मग पुन्हा. मग त्या दुसऱ्या चाकाकडे गेल्या.

"वहिनी, इकडे ये. हात फिरव."

मी फिरवला. टायर चांगलाच गरम होता. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत. आतून बाहेर आणला तर खरखरीत, बारीक करवतीसारखा.

"मखमलीला असते तशी लव आहे," त्या म्हणाल्या. "टायरला लव नसते. हा रस्त्यावर तिरका घासत आलाय. आपली वही उघड."

मी सोमवारचं पान काढलं. पुस्तकात एक. आणि साडेचौसष्टातून बासष्ट गेले की अडीच. वही त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "वन्सं, हे अडीच कसं?"

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. मग स्टुलावर बसल्या. "मी ठेवलं. दीड जास्तीचं. मला वाटलं, चालताना थोडं उघडेल, थोडं बसेल, तेव्हा हाताशी असावं."

"माया ठेवलीत."

"हो. हात आपोआप पुढे गेला. पोर वाढतं गं. चाक कशाला वाढेल?"

हे म्हणाले, "इतकं काय त्यात? गाडी सरळ तर चाललीय."

"दोन्ही चाकं सारखीच आत वळलीत, म्हणून सरळ चालली. दोन माणसं एकमेकांना ढकलत उभी राहावीत तशी," वन्सं म्हणाल्या. "तिथे तपासणीला जमिनीत एक पोलादी पट्टी असते. तिच्यावरून चाक नेतात. चाक तिरकं असलं की पट्टी बाजूला सरकते आणि काटा दाखवतो. मी मागच्या वेळी पाहिलंय. अडीचला काटा लाल पट्ट्यात जाईल."

आवरलेले दोरे भिंतीशी गुंडाळून ठेवलेले होते. यांनी हळूच विचारलं, "तारीख ढकलता येत नाही म्हणालीस?"

"नाही."

"मग ताई, नाही झाली पास तर... तो काही तुला वनवासात नाही पाठवत."

"ठाऊक आहे मला," वन्सं म्हणाल्या. "चांगली खोली आहे." आणि उठून त्यांनी दांड्या पुन्हा स्टुलांवर ठेवायला घेतल्या. दोरा खाचेत घालायला गेल्या आणि दोनदा चुकल्या. दीडशे किलोमीटर स्टिअरिंग धरून हात दमले होते. त्यांनी दांड्या खाली ठेवल्या. "आज नको. आज चूक होईल. उद्या सहाला ये, वहिनी. धाकट्या, तूसुद्धा ये. पुस्तक वाचायला."

त्या संध्याकाळी मात्र मी देवापुढे मागितलं. काय मागितलं ते वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

सकाळी सहाला उजाडत होतं. दांड्या, स्टुलं, दोरे, फरश्या, कमरपट्टा. या वेळी वजन म्हणून हे आत बसले, मांडीवर पुस्तक घेऊन, आणि पट्टी माझ्या हातात आली, कारण वाकलं की वन्संचा चष्मा नाकावरून घसरत होता. यांचं वजन माझ्याहून बरंच जास्त. वन्संनी एक नजर टाकली आणि सांगितलं, "गाठोड्यातल्या चादरींच्या दोन घड्या काढ. हा भरून काढेल." हे म्हणाले, "सकाळी सकाळी अपमान." पण आतच बसून राहिले.

वन्संनी टाय रॉडला जागी धरणारा चेकनट सैल केला आणि रॉड फिरवायला लागल्या. अगदी थोडा, पाव फेऱ्याहून जरासा जास्त. मी मोजत होते. "सव्वादोन. दोन. दीड. सव्वा. एक."

"एक?"

"एक. पुढे त्रेसष्ट, मागे बासष्ट."

पाना त्यांच्या हातात तसाच धरलेला. "जरासं ठेवू? अर्धा?"

"पुस्तकात काय आहे हो?" मी यांना विचारलं.

"एक," हे आतून म्हणाले.

"वन्सं, एक."

"पाव तरी. बोल्ट बसतात, रबर बसतं."

तीस वर्षांच्या संसारात मी वन्संना कधी नाही म्हटलेलं नाही. गणवेशाच्या दुकानात आया त्यांच्यापुढे जशा उभ्या राहायच्या, तशीच मीही राहत आले. पण पट्टी माझ्या हातात होती आणि त्यावर एकच आकडा दिसत होता. मी म्हटलं, "नाही. रबर सोमवारीच बसलंय, मला बसवून बसवलंत. आता आवळा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टाचणी टोचली. मग वाकून चेकनट आवळला. उजव्या बाजूलाही तेच झालं, फक्त तिथे त्यांनी अर्धा-पाव काही विचारलं नाही. शेवटी स्टिअरिंग सोडलं, गाडी दोनदा पुढे-मागे केली आणि पुन्हा मोजलं. डावं एक, उजवं एक. मी वहीत लिहिलं आणि त्यांनी खाली खडूच्या बोटाने टिंब दिलं. ते अजून तिथे आहे.

तपासणी अकराला होती. वन्सं दहाला तिथे हजर. हे म्हणाले, "ही माया काही जायची नाही." वन्सं म्हणाल्या, "ही नडत नाही."

तपासनीस तरुण होता. खाली खड्ड्यात उतरून त्याने लांब पहार घेतली आणि डाव्या चाकाचा दांडा उचकटून पाहिला. तो जागचा हलला नाही. मग वर येऊन म्हणाला, "आजी, पट्टीवरून हळू न्या." वन्संनी गाडी नेली. मी काचेच्या पलीकडे यांच्याशेजारी उभी होते. काटा थोडा हलला, हिरव्या पट्ट्यातच थांबला, आणि परत शून्याकडे आला. मला वाटलं होतं काहीतरी वाजेल. काही वाजलं नाही.

"पुढचं काम कुठल्या गॅरेजमध्ये केलंत?" तपासनिसाने विचारलं.

"घरी."

"घरी कोणी?"

"मी. आणि माझ्या वहिनीचं वजन होतं."

तो माझ्याकडे बघून हसला नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. कागदावर खुणा करत खाली खाली आला आणि थांबला. "सगळं ठीक आहे. फक्त वायपरचं रबर चिरलंय. काच नीट पुसत नाही. नवं लावून पाच वाजायच्या आत दाखवून जा, मी शिक्का मारतो. नाहीतर कागद तसाच राहील."

वन्संना रागच आला असणार. पुढचा सगळा भाग स्वतःच्या हाताने नवा केला आणि अडकलं कुठे, तर वायपरच्या रबरापाशी. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे. दिसत होतं मला, राहून गेलं."

बाहेर आल्यावर भाच्याचा फोन. वन्संनी तो कानाशी धरला, पण त्याचा आवाज मोठा, आम्हालाही ऐकू येत होता. "आई, काय झालं?"

"पास. एक रबर बदलायचंय, संध्याकाळपर्यंत."

मग तो म्हणाला, "बरं." मग, "कोणी केलं काम?"

"सांगते सावकाश. पुढच्या महिन्यात येते मी तुमच्याकडे, चार दिवस. गाडीने. आणि त्या खोलीत तुझी सायकल ठेव, व्हरांड्यात गंजतेय."

फोन ठेवून त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. हे म्हणाले, "घरी जाऊन दोन घास खाऊन मग जा, ताई. पाचपर्यंत वेळ आहे."

"नको. दुकान दुपारी बंद असतं. आताच जाते." किल्ली बोटात फिरवत त्या मला म्हणाल्या, "तुझ्या चादरी वाळल्या का गं?"

"सोमवारच्या बादलीतल्या दोन दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवाव्या लागल्या."

"मग त्या माझ्या नावावर. एखादी फाटली की आण."

आम्ही बसने घरी आलो. वन्सं बाजारात वायपरचं रबर आणायला गेल्या.